विद्यापीठाच्या कॅम्पसवरचे इंटरनेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत शिकणारे, शिकवणारे आणि संगणक केंद्रात काम करणारे लोक कॅम्पसच्या वायफायबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न वसतिगृहातल्या खोलीतले आहेत, मधले कारभाराचे आणि शेवटचे या विषयावर सर्वेक्षण किंवा प्रबंध करणाऱ्यांचे. माझा एक आग्रह सगळीकडे दिसेल: नेटचा दर्जा विद्यार्थी जिथे बसतो तिथे आणि ज्या वेळी बसतो त्याच वेळी मोजला पाहिजे.

विद्यापीठाकडे १ जीबीपीएसची लाइन आहे म्हणतात. मग माझ्या खोलीत नेट का रखडते?

कारण तो आकडा विद्यापीठाच्या दारातला आहे. बाहेरून आलेली लाइन आधी फायरवॉलमधून, म्हणजे ये-जा तपासणाऱ्या यंत्रातून जाते, मग मुख्य स्विचला, म्हणजे जोडण्या वाटून देणाऱ्या पेटीला, तिथून फायबरने प्रत्येक इमारतीत, इमारतीत मजल्यावरच्या स्विचला, तिथून तांब्याच्या केबलने व्हरांड्यातल्या अॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या डबीला, आणि शेवटी हवेतून तुमच्या लॅपटॉपला. यातली सगळ्यात कमकुवत जागा तुमचा वेग ठरवते.

एक हिशेब करून पाहा. समजा, तुमच्या मजल्यावरचा स्विच जुना, १०० एमबीपीएसचा आहे. मजल्यावर ६० जण, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप धरून १२० उपकरणे. रात्री त्यातली ४० जरी एकाच वेळी काही उतरवत असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच एमबीपीएस येतात, तेही सगळे सुरळीत असेल तर. दारात १ जीबीपीएस (म्हणजे १,००० एमबीपीएस) असो की १०, या मजल्याला त्याचा काही उपयोग नाही. अशा ठिकाणी बँडविड्थ वाढवल्याची बातमी येते आणि खोलीत फरक पडत नाही, तेव्हा विद्यार्थ्यांना ती बातमी खोटी वाटते. बातमी खरी असते, पैसे मात्र चुकीच्या जागी गेलेले असतात.

आणखी एक घोटाळा एककाचा. लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात. डाउनलोडच्या खिडकीत १२ दिसले तर वेग बरोबर आहे.

दुपारी नेट पळते आणि रात्री नऊनंतर मरते, असे का?

दुपारी विद्यार्थी विभागांत, प्रयोगशाळांत, ग्रंथालयात विखुरलेले असतात. रात्री मेसमधून आले की सगळे वसतिगृहातल्या त्याच पाच-सात अॅक्सेस पॉइंटवर येतात. वायफायचा स्वभाव असा की एका वाहिनीवर (चॅनेलवर) एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांनी थांबायचे. भरलेल्या खोलीत पाळीपाळीने बोलण्यासारखे. त्यात लांबच्या खोलीतला, कमजोर सिग्नलचा फोन सावकाश बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत रेंज नीट नसेल तर त्रास फक्त त्या खोलीला होत नाही, अख्ख्या मजल्याला होतो.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. विद्यार्थ्यांनी रेंज नाही म्हणून फोनचे हॉटस्पॉट सुरू केले की तेही याच हवेत शिरतात आणि परिस्थिती आणखी बिघडते. यात विद्यार्थ्यांचा दोष मी मानत नाही, उद्या सबमिशन असलेला माणूस दुसरे काय करणार? शक्य असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा. त्याची भिंतीपलीकडे पोहोच कमी, पण गर्दीही कमी.

फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी काही उघडत नाही.

काड्या फक्त तुमच्या फोनला अॅक्सेस पॉइंट किती स्पष्ट ऐकू येतो ते सांगतात. पुढची वाट बंद असू शकते. कारणे अनेक, पण कॅम्पसवर हमखास आढळणारी तीन:

पहिले, आयपी पत्ते संपलेले असतात. नेटवर्क प्रत्येक उपकरणाला ठरावीक काळासाठी एक पत्ता देते. वसतिगृहासाठी साधारण २५० पत्त्यांचा साठा राखलेला आणि उपकरणे ५०० असतील तर उशिरा आलेल्यांना पत्ता मिळत नाही. फोन "जोडतो आहे" म्हणत राहतो किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवतो. तो दिसला तर स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडा, संगणक केंद्राला लगेच कळेल. पत्ता परत घेण्याची मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणली तरी हा प्रश्न पुष्कळदा सुटतो, खर्च शून्य.

दुसरे, लॉगिनचे पान आलेलेच नसते. तिसरे, नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा बंद पडलेली असते.

स्पीड टेस्ट ४० दाखवते, पण ऑनलाइन मुलाखतीत आवाज तुटतो. हे कसे?

हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. वेग म्हणजे दर्जा नव्हे. व्हिडिओ कॉलला काही फार मोठा वेग लागत नाही, एक ते तीन एमबीपीएसमध्ये भागते. त्याला लागतो सातत्याचा प्रवाह. डेटाचे तुकडे जाऊन यायला किती वेळ लागतो, तो वेळ किती कमी-जास्त होतो आणि वाटेत किती तुकडे हरवतात, या तीन गोष्टींवर कॉल टिकतो किंवा तुटतो. जोडणी भरून वाहू लागली की उपकरणांतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, तुकड्यांच्या रांगा लागतात. मग २० मिलिसेकंदांचा विलंब ५०० वर जातो, आणि तरीही स्पीड टेस्टचा आकडा भरघोसच दिसतो. शेजारच्या खोलीत कुणी मोठा गेम उतरवायला लावला की तुमची मुलाखत अडखळते ती यामुळे.

पीएचडीची ऑनलाइन तोंडी परीक्षा आणि नोकरीच्या मुलाखती आता याच नेटवर होतात. म्हणून विद्यापीठाने निदान ग्रंथालयात किंवा विभागात केबलने जोडलेल्या दोन-तीन शांत खोल्या मुलाखतीसाठी राखून ठेवाव्यात. वायफाय सुधारायला वर्ष लागते, ही सोय आठवड्यात होते.

मग मोजायचे कसे?

नुसती एक स्पीड टेस्ट पुरत नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री दहाच्या सुमारास, आठवडाभर, खोलीत तुमच्या नेहमीच्या जागी बसून मोजा. दूरसंचार नियामक ट्रायचे मायस्पीड अॅप चालेल. लॅपटॉप असेल तर पिंग ही आज्ञा (ती डेटाचे तुकडे पाठवून किती परत आले ते सांगते) दोन ठिकाणी लावा: आधी कॅम्पसमधल्या गेटवेच्या, म्हणजे तुमच्या नेटवर्कमधून बाहेर पडण्याच्या दाराच्या, पत्त्याला, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. गेटवेपर्यंतच तुकडे हरवत असतील तर दोष इमारतीत किंवा हवेत आहे. गेटवेपर्यंत ठीक आणि पुढे बिघाड, तर दोष बाहेरच्या लाइनचा किंवा फायरवॉलचा. एवढ्या एका फरकाने तक्रार योग्य माणसाकडे जाते.

पहिला पाऊस पडला की नेट का जाते?

वीज जाते म्हणून, आणि वीज पडते म्हणून. इमारतीतल्या स्विचला यूपीएस नसेल किंवा त्याच्या बॅटऱ्या मेलेल्या असतील तर दोन मिनिटांच्या खंडितीने अख्खी इमारत दहा मिनिटे बंद राहते. दोन इमारती तांब्याच्या केबलने जोडल्या असतील तर जवळ पडलेल्या विजेचा झटका त्या केबलमधून स्विच जाळतो. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून इमारतींमध्ये फायबरच हवे. शिवाय तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या किंवा पुण्याच्या गणेशखिंडीतल्या विस्तीर्ण आवारात दुसरा मार्गच नाही.

बाकी कारणे सगळ्यांना माहीत आहेत: रस्त्यासाठी खोदताना तुटलेले फायबर, पाणी शिरलेला जोड, उंदरांनी कुरतडलेली केबल. मे महिन्यात बॅटऱ्या, अर्थिंग आणि चेंबर तपासणारे संगणक केंद्र जूनमध्ये निम्म्या तक्रारी वाचवते, असे माझे ठाम मत आहे.

आमची इमारत जुनी, दगडी आहे. काही इलाज?

आहे. दीड-दोन फुटांच्या काळ्या दगडाच्या भिंतीतून, किंवा कोकण-गोव्याकडच्या जांभ्याच्या भिंतीतून, वायफाय फारसे पार होत नाही. लोखंडी कपाट आडवे आले तर आणखी अवघड. व्हरांड्यात मोठा, ताकदवान अॅक्सेस पॉइंट लावून उपयोग होत नाही, कारण त्याचा आवाज फोनला पोहोचला तरी फोनचा क्षीण आवाज त्याला पोहोचत नाही. प्रत्येक दोन-तीन खोल्यांना लहान अॅक्सेस पॉइंट, किंवा खोलीत केबलचा एक पॉइंट, हाच उपाय.

परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी साइट उघडत नाही. हा कॅम्पसच्या नेटचा दोष का?

बहुधा नाही. मोबाइल डेटावरही तेच होत असेल तर तो सर्व्हरचा भार आहे. महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जालाही हेच लागू. स्क्रीनशॉट वेळेसह ठेवा, मुदतवाढ मागताना कामी येतो.

फोन रोज नव्याने नोंदवायला सांगतो. लॅपटॉपला मात्र अडचण नाही.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता बनवलेला पत्ता देतात. कॅम्पसची नोंदणी मॅक पत्त्यावर चालत असेल तर फोन तिला अनोळखी वाटू शकतो. त्या एका नेटवर्कपुरती ही सोय बंद करा. सेटिंग वायफायच्या नावावर दाबून ठेवल्यावर किंवा शेजारच्या चिन्हात सापडते.

सगळ्यांकडे मोबाइल डेटा आहे. विद्यापीठाने वायफायवर खर्च तरी का करावा?

२०१६ मध्ये डेटा स्वस्त झाल्यापासून हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या प्रत्येक चर्चेत येतो. उत्तर सोपे आहे. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये मेसेज आणि थोडे व्हिडिओ भागतात, डेटासेट किंवा सॉफ्टवेअर उतरत नाही. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले, आणि घरून पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याचे पन्नास रुपयेही जाणवतात. "कमवा आणि शिका" योजनेत काम करून मेसचे बिल भरणारी मुले आपल्याच आवारात राहतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाब अभ्यासक्रमाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय केंद्र सरकारच्या स्वयम् मंचावरून ऑनलाइन करता येतात. अभ्यासक्रम नेटवर न्यायचा आणि नेट विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून आणायचे, हे न्याय्य नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तर २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयासारखी ऑनलाइन ग्रंथालये हाच वाचनाचा मुख्य मार्ग आहे.

मुलींच्या वसतिगृहासाठी वेगळा विचार हवा का?

हवा. अनेक ठिकाणी मुलींना रात्री ठरावीक वेळेनंतर बाहेर पडता येत नाही, त्यामुळे खोलीत नेट नसेल तर अभ्यासिका किंवा ग्रंथालय हा पर्यायही त्यांना उरत नाही. मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांत सारखेच अॅक्सेस पॉइंट लावले तरी सोय सारखी होत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहातली संध्याकाळी ६ ते रात्री १० ची मोबाइलबंदी रद्दबातल ठरवताना इंटरनेट मिळवण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ज्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले होते तिला परत घ्यायला लावले. आपल्याकडच्या प्रत्येक रेक्टरने हा निकाल वाचावा.

विद्यापीठांना हे जाळे मिळाले कुठून?

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. त्याआधी जवळपास दशकभर ते शिक्षणसंस्थांत होते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू केले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे एनसीएसटी (सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र) होते. माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय अभियानातून विद्यापीठांना १ जीबीपीएस जोडणी द्यायचे ठरले. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जालाला, म्हणजे एनकेएनला मंजुरी दिली.

एनकेएनने दारापर्यंत मोठा रस्ता आणून दिला. आतली वायरिंग, स्विच, माणसे ही विद्यापीठाची जबाबदारी राहिली, आणि आजच्या बहुतेक तक्रारी त्या आतल्या भागातल्या आहेत.

यूट्यूब आणि गिटहब (प्रोग्रामचा कोड ठेवण्याची साइट) बंद का ठेवतात?

बँडविड्थ वाचवायला आणि सुरक्षिततेच्या नावाखाली. पण एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्याख्याने यूट्यूबवर आहेत, आणि संगणकशास्त्राच्या किंवा जैवमाहितीशास्त्राच्या विद्यार्थ्याला दूरच्या सर्व्हरवर एसएसएच या सुरक्षित जोडणीने जावेच लागते. सरसकट बंदीने विद्यार्थी बंदीला वळसा घालणारे फुकट व्हीपीएन अॅप टाकतात, मग सुरक्षितताही जाते. त्याऐवजी गर्दीच्या वेळी प्रत्येक वापरकर्त्याला वेगाची वाजवी मर्यादा घालावी. काय बंद आहे, का बंद आहे आणि उघडून हवे असल्यास अर्ज कुणाकडे करायचा, हे लेखी असावे. संशोधकाला फायरवॉलमधली एक वाट (पोर्ट) उघडून घेण्यासाठी तीन टेबले फिरावी लागतात, त्यात त्याचा महिना जातो.

मी काय पाहतो ते विद्यापीठाला दिसते का?

तुम्ही कुठल्या साइटवर किती वेळ होता हे साधारण कळू शकते. एचटीटीपीएस (मजकूर गुप्त ठेवणाऱ्या) साइटवर काय लिहिले-वाचले ते दिसत नाही, मात्र विद्यापीठाने तुमच्या उपकरणात स्वतःचे प्रमाणपत्र टाकायला लावले असेल तर तेही दिसू शकते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणून आपले लॉगिन मित्राला देऊ नका, त्याने काही केले तरी नोंद तुमच्या नावावर राहते.

एज्युरोम म्हणजे काय?

आपल्या विद्यापीठाच्या लॉगिनवर दुसऱ्या विद्यापीठात, परदेशातही, वायफाय मिळण्याची व्यवस्था. युरोपात २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत तिची सुरुवात झाली, भारतात ती अर्नेट इंडिया चालवते. परिषदेला जाणाऱ्यांना फार उपयोगी. लॉगिन करताना पूर्ण ईमेलसारखे नाव घाला आणि प्रमाणपत्र तपासण्याची सेटिंग बंद करू नका. तुमचे विद्यापीठ यात नसेल तर मागणी करा.

कॅम्पसबाहेरून शोधपत्रिका का उघडत नाहीत?

प्रकाशक कॅम्पसचा आयपी पत्ता ओळखून दार उघडतात. घरून वाचायचे तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची इनफेड ही लॉगिन सेवा किंवा विद्यापीठाचा स्वतःचा रिमोट अॅक्सेस लागतो. ग्रंथपालांना विचारा, पुष्कळदा सोय असते आणि कुणाला माहीत नसते. १ जानेवारी २०२५ पासून "एक राष्ट्र, एक सदस्यता" योजनेत ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० शोधपत्रिका देशभरातल्या सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुल्या झाल्या. लहान जिल्ह्यातल्या विद्यापीठातला संशोधक पहिल्यांदाच मोठ्या संस्थेच्या बरोबरीला आला आहे. त्याचे पान उघडायला पाच मिनिटे लागू नयेत, एवढे तरी आपण बघायला हवे.

तक्रार कशी लिहावी म्हणजे कुणी लक्ष देईल?

"नेट स्लो आहे" या तक्रारीवर कुणालाही काही करता येत नाही. असे लिहा: "वसतिगृह क्र. २, दुसरा मजला, खोली २१४. मंगळवार ते गुरुवार रात्री ९.३० ते ११. दोन लॅपटॉप, तीन फोन, सगळ्यांना त्रास. गेटवेच्या पिंगमध्ये १०० पैकी १८ तुकडे हरवले. मोबाइल डेटावर तीच साइट उघडते. स्क्रीनशॉट जोडले आहेत." पाच खोल्यांनी मिळून एक तक्रार द्या. क्रमांक मागा. क्रमांक नसलेली तक्रार अहवालात कधीच येत नाही, आणि अहवालात नसलेली अडचण अर्थसंकल्पात येत नाही.

तरीही काही झाले नाही तर?

रेक्टर, मग संगणक केंद्राचे प्रमुख, मग कुलसचिव, हा नेहमीचा क्रम. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ असते, पत्राची प्रत तिथेही द्या. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यावर लोकपाल नेमणे बंधनकारक आहे.

पण खरा उपयोग अधिसभेचा (सिनेटचा) होतो. वार्षिक अर्थसंकल्प तिथे चर्चेला येतो. एखाद्या अधिसभा सदस्याला बैठकीच्या बऱ्याच आधी आकडेवारीसह भेटा. शिवाय माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा नेमके मागा: गेल्या सहा महिन्यांचा बँडविड्थ वापराचा आलेख, देखभाल कराराची प्रत, इमारतनिहाय अॅक्सेस पॉइंटची संख्या आणि नोंदवलेल्या तक्रारी.

नॅकच्या अहवालात आमच्या विद्यापीठाला आयटी सुविधांत चांगले गुण आहेत. मग तक्रारी कशा?

नॅक ही उच्च शिक्षणसंस्थांना दर्जाचे गुण देणारी संस्था. तिच्या २०१७ नंतरच्या पद्धतीत विद्यापीठाला लीज्ड लाइनची (भाड्याच्या स्वतंत्र लाइनची) बँडविड्थ विचारली गेली. तो दारातलाच आकडा. विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे, पण त्यातले प्रश्न मुख्यतः अध्यापनाबद्दलचे. त्यामुळे दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही अहवाल आणि अनुभव जुळत नाहीत.

पैसे मोजकेच असतील तर आधी कशावर खर्च करावे?

आधी यूपीएस आणि बॅटऱ्या. मग इमारतींचे जुने स्विच. मग वसतिगृहांतले अॅक्सेस पॉइंट. या तिन्हींनंतर बँडविड्थ, तीही वापराचा आलेख रोज माथ्याला टेकत असेल तरच. आणि या सगळ्याच्या जोडीने रात्री दहापर्यंत हजर असणारा एक तंत्रज्ञ. कार्यालय सहाला बंद होते आणि त्रास नऊला सुरू होतो, हे जमत नाही.

करारातली टक्केवारी नीट वाचा. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांत ७ तास १२ मिनिटे बंद चालते. ९९.५ म्हणजे ३ तास ३६ मिनिटे, ९९.९ म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. ही हमीसुद्धा सहसा दारातल्या राउटरपर्यंतचीच असते. आतल्या देखभालीच्या करारात बिघाड दुरुस्त करण्याची मुदत तासांत लिहून घ्या.

मला या विषयावर समाधानाचे सर्वेक्षण करायचे आहे. कुठली चौकट वापरू?

सर्वाधिक वापरली जाते ती सर्व्हक्वाल. पारसुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेली २२ विधानांची मापनपट्टी. ती दर्जाचे पाच पैलू तपासते: भौतिक साधने, भरवशाचेपणा, तत्पर प्रतिसाद, विश्वास आणि आपुलकी. अपेक्षा आणि अनुभव यांतले अंतर म्हणजे दर्जाची उणीव, ही तिची कल्पना. १९९२ मध्ये क्रोनिन आणि टेलर यांनी अपेक्षा वगळून फक्त अनुभव मोजा असे सुचवले, त्यामुळे प्रश्नावली निम्मी होते. माहिती प्रणालींसाठी डीलोन आणि मॅकलीन यांचे प्रारूपही आहे.

माझा सल्ला: चौकट कुठलीही घ्या, विधाने आपल्या कॅम्पसच्या भाषेत लिहा. "सेवा प्रदात्याची तत्परता समाधानकारक आहे" याला विद्यार्थी विचार न करता ३ देतो. "मागच्या वेळी तक्रार केली तेव्हा किती दिवसांत कुणी आले?" याला तो आठवून उत्तर देतो. प्रश्नावलीबरोबर त्याच इमारतींतली मोजमापे घ्या. "कमवा आणि शिका"तले विद्यार्थी हे काम उत्तम करतील आणि त्यांना त्याचे मानधनही मिळेल.

नमुना कसा निवडू?

प्रश्नावलीचा दुवा फक्त कॅम्पसच्या वायफायवरून किंवा ग्रंथालयात देऊ नका. ज्यांनी कंटाळून कॅम्पसचे नेट वापरणेच सोडले ते तिथे भेटत नाहीत, आणि तुमचा निष्कर्ष उगाच गोड येतो. मेसच्या रांगेत छापील कागद घेऊन उभे राहा. वसतिगृहनिहाय यादीतून निवड करा. मुली, संशोधक, बाहेर राहून रोज येणारे, दिव्यांग विद्यार्थी, चतुर्थश्रेणी कर्मचारी, सगळ्यांचा वाटा आधी ठरवा.

सरासरी ५ पैकी ३.८ आली. म्हणजे नेट चांगले आहे ना?

इतक्यावरून सांगता येत नाही. ज्या मुलाच्या गावात रेंजसाठी टेकडीवर जावे लागते, तो दोन एमबीपीएसवर खूश असतो. पुण्यात फायबर असलेल्या घरातून आलेली मुलगी वीस एमबीपीएसवरही चिडते. समाधान अपेक्षेवर उभे असते. पहिल्या वर्षाचे आणि शेवटच्या वर्षाचे गुण वेगळे काढून पाहा. वर्षागणिक समाधान घसरत असेल तर त्याचे कारण शोधा, तो प्रबंधाचा खरा गाभा होईल. सरासरीऐवजी १ आणि २ देणारे कुठल्या इमारतीतले आहेत ते नकाशावर मांडा. पुष्कळदा सगळी नाराजी एक-दोन वसतिगृहांत एकवटलेली सापडते आणि दुरुस्तीचा खर्च वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो.

निष्कर्ष कुणाला द्यायचे?

मार्गदर्शकांना द्याल ते द्याच. त्याबरोबर दोन पानांचा मराठी सारांश संगणक केंद्राला, रेक्टरांना आणि ज्यांनी उत्तरे दिली त्या वसतिगृहांच्या सूचना फलकावर लावा. इमारतीचे नाव, मोजलेली वेळ, आढळलेला बिघाड आणि दुरुस्तीची तारीख लिहायला एक मोकळा रकाना ठेवा. तो रकाना भरला की नाही, हे पुढच्या सत्रात जाऊन पाहा आणि मोजमाप पुन्हा करा.